घरच्या घरी स्पॅम कमी करा: नवशिक्यांसाठी डीएनएस मार्गदर्शिका

हे मार्गदर्शन कोणासाठी?

ज्यांच्या कचेरीत स्वतःचा मेल सर्व्हर आहे आणि तो सांभाळायला माणूस नाही, अशांसाठी. त्यातही खास तुमच्यासाठी. तुम्ही कधीतरी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद सगळ्यांदेखत ओढून काढलात आणि त्या दिवसापासून ‘यांना कॉम्प्युटरमधलं कळतं’ अशी तुमची ख्याती झाली. आता साहेबांच्या इनबॉक्समध्ये रोज लॉटरी, केसवाढीचे तेल आणि परदेशातल्या दिवंगत मंत्र्यांचे वारस येत आहेत. उलट अकाउंट्सच्या बाईंनी पाठवलेली बिले गिऱ्हाइकांच्या स्पॅम फोल्डरात जाऊन पडत आहेत. साहेब एवढेच म्हणाले, “जरा बघून घ्या.” बघून घ्या म्हणजे काय, हे नोकरदार माणसाला वेगळे सांगायला नको.

घाबरू नका. काम डीएनएसमध्ये आहे. नाव सांगितले की आकडी पत्ता काढून देणारी ही जगभरची नोंदवही. पॉल मोकापेट्रिस यांनी तिचा आराखडा १९८३ मध्ये मांडला. त्यात आपल्याला जेमतेम सात-आठ ओळी लिहायच्या आहेत. ओळ लिहायला दोन मिनिटे लागतात. कोणती लिहायची हे कळायला मात्र वेळ लागतो, आणि चुकीची लिहिली हे कळायला त्याहून जास्त.

साहित्य

एक डोमेन. मुदत संपलेले नसावे.

डोमेनच्या कंट्रोल पॅनेलचा पासवर्ड. हा बहुधा पूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मुलाकडे असतो. तो हल्ली बंगळूरला असतो आणि तुमचा नंबर ओळखतो, म्हणून फोन उचलत नाही.

एक स्थिर आयपी पत्ता. शीर्षकातले ‘घरच्या घरी’ हे शब्द लेख वाचला जावा म्हणून घातले आहेत, ते मनावर घेऊ नका. घरगुती ब्रॉडबँडचा पत्ता बदलता असतो, मेल बाहेर सोडणारे २५ क्रमांकाचे पोर्ट तिथे बहुधा बंद असते, आणि काळ्या याद्या ठेवणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेच्या एका यादीत असे घरगुती पत्ते पट्ट्यापट्ट्याने नोंदवलेले असतात. घरून सर्व्हर चालवाल तर गुन्हा करण्याआधीच संशयितांत नाव लागेल.

एक वही. कंट्रोल पॅनेलमध्ये काहीही बदलण्याआधी जुनी नोंद जशीच्या तशी वहीत उतरवून घ्या. ही सूचना चेष्टेवारी नेऊ नये.

थोडी पूर्वपीठिका

जगातला पहिला स्पॅम ३ मे १९७८ रोजी गेला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनी आपल्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरच्या सुमारे चारशे जणांना एकदम धाडले. पत्ते इतके होते की ते रकान्यात मावेनात. उरलेले मजकुरात सांडले. लोक चिडले, तक्रारी झाल्या. तेव्हा मेलची यंत्रणा सुधारायला संधी होती. चार वर्षांनी, १९८२ मध्ये, जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचे, म्हणजे मेल पोचवण्याच्या पद्धतीचे, नियम लिहिले. आजही मेल त्याच पायावर चालते, आणि त्या मूळ नियमांत पाठवणाऱ्याने स्वतःचे जे नाव सांगितले ते खरे आहे का, हे तपासायची सोय नाही.

म्हणजे मंगल कार्यालयाच्या दारात “मी मुलाकडचा” म्हणायचे आणि सरळ पंगतीला बसायचे. मुलाकडच्यांना वाटते मुलीकडचा असेल, मुलीकडच्यांना वाटते मुलाकडचा. वाढपी विचारत नाही. चाळीसेक वर्षे ही पंगत चालू आहे, आणि आता आपण दारात माणूस बसवायला निघालो आहोत.

पायरी पहिली: एमएक्स

आपल्या डोमेनची मेल कोणत्या सर्व्हरने घ्यायची, हे एमएक्स नोंद सांगते. तिच्यात एक आकडा असतो. आकडा लहान तितका मान मोठा: दहावाला आधी, वीसवाला नंतर. नोंदीत सर्व्हरचे खरे नाव घाला; नुसता आयपी चालत नाही, आणि टोपणनावाची म्हणजे सीनेमची नोंदही नियमात बसत नाही.

इथे हौशी माणसाला ‘बॅकअप एमएक्स’ सुचतो. मुख्य सर्व्हर पडला तर मेल दुसऱ्याने घ्यावी, म्हणून अडगळीतल्या जुन्या मशीनवर वीस आकड्याचा सर्व्हर उभा राहतो. त्यावर चाळण्या बसवायला कोणाला सवड नसते. स्पॅमवाल्यांना हे पक्के ठाऊक आहे. मुख्य दार उघडे असले तरी त्यांच्यातले कित्येक मागच्या दाराने येतात. मुख्य सर्व्हर तासभर बंद राहिला तर पाठवणारा सर्व्हर मेल स्वतःकडे ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, एकदोन नव्हे तर काही दिवस. तेव्हा बॅकअपची चाळणी मुख्यइतकीच बारीक ठेवा, नाहीतर बॅकअप काढून टाका.

याच्या उलटा एक गावठी उपायही प्रचलित आहे, त्याला नोलिस्टिंग म्हणतात. पहिल्या क्रमांकावर मुद्दामच असा पत्ता द्यायचा जिथे कोणी दार उघडत नाही. नियम पाळणारा सर्व्हर मुकाट्याने दुसऱ्या क्रमांकाकडे वळतो, घाईतला स्पॅमचा बॉट निघून जातो. उपाय चालतो. फक्त एखाद्या दिवशी आडमुठ्या पण प्रामाणिक गिऱ्हाइकाची ऑर्डरही तशीच निघून जाते, आणि ती कुठे गेली हे साहेबांना तुम्ही समजावून सांगायचे असते.

पायरी दुसरी: पीटीआर

नावावरून पत्ता काढणे हे झाले सुलटे काम. पत्त्यावरून नाव काढायला पीटीआर ही उलटी नोंद लागते. तुमचा सर्व्हर दार वाजवतो तेव्हा समोरचा आधी या पत्त्याचे नाव विचारतो आणि मग त्या नावाचा पत्ता पुन्हा तोच येतो का ते पाहतो. दोन्ही जुळले नाही तर मेल स्पॅममध्ये, नाहीतर थेट परत.

गंमत अशी की नोंद तुमच्या सर्व्हरची असली तरी ती तुमच्या कंट्रोल पॅनेलमध्ये नसते. आयपी ज्याचा, पीटीआर त्याचा. म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपनीला फोन. संभाषण साधारण असे होते:

“सर, मॉडेम एकदा बंद करून चालू केला का?”

“नेट चालू आहे हो. मला रिव्हर्स डीएनएस लावून हवंय.”

“ओके सर. स्पीड कमी येतोय का?”

इथे आवाज चढवू नका. पलीकडच्या मुलाचा दोष नाही, त्याच्या पडद्यावर पीटीआर नावाचे बटण नाही. तक्रार क्रमांक घ्या आणि मागणी लेखी पाठवा. मेलने पाठवणार असाल तर ती जीमेलवरून पाठवा. तुमच्या सर्व्हरवरून गेली तर पीटीआर नसल्यामुळे ती त्यांच्या स्पॅममध्ये जाईल.

पायरी तिसरी: एसपीएफ

आता दारातला माणूस. एसपीएफ म्हणजे टीएक्सटी प्रकारची एक ओळ: आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी फक्त या या पत्त्यांना आहे. सध्याचे नियम २०१४ चे आहेत. ओळ अर्थातच रोमन लिपीत टाकायची, आणि तिचा शेवटचा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. ‘मायनस ऑल’ म्हणजे यादीबाहेरच्याला हाकला. ‘टिल्डे ऑल’ म्हणजे संशय घ्या, पण हाकलू नका. भिडस्त लोक हाच लिहितात. ‘प्लस ऑल’ म्हणजे जगातल्या कोणीही आमच्या नावाने काहीही पाठवावे, आमची लेखी परवानगी आहे. हे लिहिणारी डोमेने खरोखर आहेत. ‘मेल जात नाही’ अशी तक्रार आली की कोणीतरी प्लस लावून देतो. तक्रार मिटते, परवानगी कायम राहते.

नवशिक्यांनी दोन चुका टाळाव्यात. एका डोमेनला एसपीएफची ओळ एकच असते. मार्केटिंगचा मुलगा न्यूजलेटर पाठवणाऱ्या कंपनीच्या सूचना वाचून दुसरी ओळ टाकतो, आणि दोन ओळी दिसल्या की नियमाप्रमाणे दोन्ही बाद. दुसरी चूक ‘इन्क्लूड’ची. न्यूजलेटरवाले, पगारपत्रकवाले, ग्राहकसेवावाले, प्रत्येकाची यादी आपल्या यादीत घ्यावी लागते आणि त्या यादीत पुढे आणखी याद्या असतात. डीएनएसला विचारणा दहापर्यंतच करता येतात. अकरावी लागली की सगळी नोंदच सदोष. तेव्हा कंपनीने वापरायचे सोडले, पण यादीतून काढायचे राहिले, असे जे कोण असतील त्यांना आधी निरोप द्या.

आणखी एक गोम. मेलला पाठवणाऱ्याचे नाव दोनदा असते: एकदा पाकिटावर, जे सर्व्हर वाचतात, आणि एकदा आतल्या पत्रावर, जे साहेब वाचतात. एसपीएफ पाकीट तपासतो. आत काय लिहिले आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पाकिटावर स्वतःचे नाव आणि आत तुमच्या साहेबांचे, अशी मेल तो हसतमुखाने आत सोडतो.

पायरी चौथी: डीकेआयएम

म्हणून सही. तुमचा सर्व्हर प्रत्येक मेलवर गुप्त किल्लीने सही करतो आणि ती पडताळायची उघडी किल्ली तुम्ही डीएनएसमध्ये ठेवता. याहूच्या आणि सिस्कोच्या दोन वेगळ्या कल्पना एकत्र करून ही पद्धत २००७ मध्ये प्रमाणित झाली. मेल वाटेत फॉरवर्ड झाली तर एसपीएफ हमखास तुटतो. मजकुराला कोणी हात लावला नाही तर ही सही टिकते.

किल्ली २०४८ बिटांची घ्या. पाचशे बाराची का नको, याची गोष्ट २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. झॅकरी हॅरिस नावाच्या अमेरिकी गणितज्ञाला गूगलकडून नोकरीबाबत मेल आली. खरी की खोटी म्हणून त्याने सही पाहिली, तर किल्ली फक्त ५१२ बिटांची. ही आपली परीक्षाच घेतली जात आहे असे समजून त्याने किल्ली फोडली, आणि सर्गेई ब्रिन व लॅरी पेज या संस्थापकांना एकमेकांच्या नावाने मेल पाठवून दिली. उत्तर आले नाही. दोन दिवसांनी किल्ली मात्र २०४८ ची झाली होती.

तुम्हाला अडेल ते वेगळ्याच ठिकाणी. टीएक्सटी नोंदीत अक्षरांची एक सलग माळ २५५ पर्यंतच चालते आणि २०४८ बिटांची किल्ली त्याहून लांब असते. ती दोन तुकड्यांत, प्रत्येक तुकडा वेगळ्या अवतरणचिन्हांत घालावी लागते. काही कंट्रोल पॅनेल हे आपणहून करतात, काही करत नाहीत, आणि काही न सांगता शेपूट कापून टाकतात. नोंद टाकल्यावर ती बाहेरून वाचून पाहा.

पायरी पाचवी: डीमार्क

पाकिटाची तपासणी झाली, सही झाली. पण तपासणीत नापास झालेल्याचे करायचे काय, आणि आतल्या पत्रावरचे नाव यापैकी कशाशी जुळते का, हे डीमार्क ठरवतो. त्याचे नियम २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. पर्याय तीन: ‘नन’ म्हणजे काही करू नका, फक्त मला कळवा, ‘क्वारंटाइन’ म्हणजे स्पॅममध्ये टाका, ‘रिजेक्ट’ म्हणजे दारातूनच परत.

सुरुवात ‘नन’ने करायची असते आणि त्याला कारण आहे. दुसऱ्या दिवसापासून गूगल, याहू, मायक्रोसॉफ्ट तुम्हाला एक्सएमएल अहवाल धाडू लागतात: तुमच्या नावाने कोणत्या पत्त्यांवरून किती मेल आली. तेव्हा कळते की कंपनीच्या नावाने मेल पाठवणारे भरपूर आहेत. हजेरीचे मशीन पाठवते, सीसीटीव्हीचा डबा पाठवतो, बिलांचे सॉफ्टवेअर पाठवते, शिवाय दूरदेशीचे काही अनोळखी सर्व्हर. आधी घरचे ओळखून यादीत घ्यायचे, मग ‘रिजेक्ट’ लावायचे. घाई केली तर काय होते ते याहूने एप्रिल २०१४ मध्ये दाखवले. त्यांनी एकदम ‘रिजेक्ट’ लावला आणि गटांत फिरणारी मेल जगभर परत येऊ लागली, कारण याहूच्या सदस्याचे पत्र गटाच्या सर्व्हरमार्गे पुढे जाताना बनावट ठरत होते.

याहूने घाई केली, बाकीचे उलट टोकाला जातात. ‘नन’ लावतात, ‘डीमार्क केलं’ असे साहेबांना सांगतात आणि अहवाल न वाचता वर्षानुवर्षे साठवतात. अहवाल येतात त्या खात्याची जागा संपली की मग अहवालच बाउन्स होतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचे झाले आहेत, पण तिथेही ‘नन’ चालतो. त्यामुळे नियमाचे समाधान होते आणि तुमच्या नावाने कोणीही काहीही पाठवायचे ते पाठवतच राहतो.

पायरी सहावी: ब्लॅकलिस्ट

इथवर आलेल्या चाणाक्ष वाचकाला प्रश्न पडला असेल. एमएक्स सोडले तर हे सगळे आपण पाठवतो त्या मेलबद्दल झाले. साहेबांच्या इनबॉक्समधल्या केसवाढीच्या तेलाचे काय? वाजवी प्रश्न आहे. साहेबांसमोर काढू नका.

तुमच्या एसपीएफ-डीमार्कने तुमचा स्पॅम कमी होत नाही, तुमच्या नावाने दुसऱ्यांकडे जाणारा कमी होतो. तुमचा कमी व्हायचा तर दुसऱ्यांनी आपापल्या नोंदी लिहायला हव्यात, आणि तुमच्या सर्व्हरने त्या वाचायला हव्यात. म्हणून आधी येणाऱ्या मेलची एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तपासणी चालू करा. मग ब्लॅकलिस्ट जोडा. हीसुद्धा डीएनएसचीच करामत. पॉल व्हिक्सी यांनी १९९७ मध्ये अशी पहिली यादी सुरू केली. स्टीव्ह लिनफर्ड यांचे स्पॅमहाउस १९९८ चे. दार वाजवणाऱ्याचा आयपी उलटा लिहायचा, पुढे यादीचे नाव जोडायचे आणि डीएनएसला विचारायचे. ‘असे नाव नाही’ हे उत्तर आले की माणूस स्वच्छ. १२७.०.०.२ असे काही आले की नाव काळ्या यादीत. या यादीने स्पॅमवाले किती वैतागतात याचा अंदाज मार्च २०१३ मध्ये आला: स्पॅमहाउसवर सुमारे ३०० गिगाबिट प्रतिसेकंद इतका मारा झाला, आणि तोही जगभर उघड्या पडलेल्या डीएनएस सर्व्हरांच्याच खांद्यावर बंदूक ठेवून.

एक खबरदारी. गूगलसारख्यांच्या फुकट सार्वजनिक डीएनएसमार्गे विचारणा केली तर स्पॅमहाउस खरे उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा खुणेचा आकडा देते. अर्थ: या वाटेने विचारू नका. तुमचा सर्व्हर ‘काहीतरी उत्तर आले, म्हणजे हा यादीत’ असे समजणारा असेल तर त्या क्षणापासून येणारी प्रत्येक मेल परत जाईल. स्पॅम शंभर टक्के बंद. दोनतीन दिवस कचेरीत तुमचे कौतुक होईल, चौथ्या दिवशी मोठ्या गिऱ्हाइकाचा फोन येईल. सर्व्हरवर स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर बसवा, हा त्यावरचा उपाय.

पायरी सातवी: रिकामी डोमेने

मालकांनी उत्साहात घेऊन ठेवलेली, कधी न वापरलेली तीनचार डोमेने प्रत्येक कंपनीकडे असतात. त्यांना कोणी राखण नाही, म्हणून खोट्या मेलला ती सोयीची. प्रत्येकाला तीन ओळी द्या: एसपीएफमध्ये नुसते ‘मायनस ऑल’, डीमार्कमध्ये ‘रिजेक्ट’, आणि एमएक्समध्ये शून्य व त्यापुढे फक्त एक टिंब. या शेवटच्याला नल एमएक्स म्हणतात, तो २०१५ पासून प्रमाणित आहे. इथे काही मोडायची भीती नाही, कारण चालू काहीच नाही. सात पायऱ्यांपैकी हीच एक अशी आहे जी पहिल्या प्रयत्नात जमते, म्हणून ती शेवटी ठेवली.

शंकासमाधान

नोंद बदलली, परिणाम कधी दिसेल? सपोर्टवाले ‘२४ ते ४८ तास’ म्हणतात, ते तुम्ही फोन ठेवावा म्हणून. खरे उत्तर जुन्या नोंदीच्या टीटीएलमध्ये, म्हणजे ती किती सेकंद साठवून ठेवायची त्या आकड्यात असते: ८६४०० म्हणजे एक दिवस. बदलायच्या आदल्या दिवशी तो ३०० करून ठेवला तर पाच मिनिटांत निकाल.

आमचे डोमेन देवनागरीत, डॉट भारतमध्ये आहे. काही वेगळे? पडद्यावर देवनागरी दिसली तरी डीएनएसमध्ये ते ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारे रोमन रूप घेऊन बसते. नोंदी त्या रूपाला लावा.

सगळे केले, तरी स्पॅम येतोच. का? कारण स्पॅमवाल्याने हे सगळे तुमच्याआधी केले आहे. त्याचा एसपीएफ चोख, किल्ली २०४८ बिटांची, पीटीआर जुळलेला. या नोंदी पाठवणारा कोण एवढेच सिद्ध करतात, तो सज्जन आहे असे नाही. तुमच्या पुरवठादाराच्या नावात एक अक्षर इकडचे तिकडे करून घेतलेले डोमेन सर्व तपासण्यांत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होते. म्हणून ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ अशी मेल आली तर डीएनएस पाहत बसू नका, पुरवठादाराला त्याच्या जुन्या नंबरवर फोन करा.

निष्कर्ष

साहेबांना खरे सांगा: डीएनएसने स्पॅम संपत नाही. खोट्या नावाने येणारा अडतो, खऱ्या नावाने येणारा ओळखू येतो आणि ब्लॅकलिस्टमध्ये टाकता येतो, आणि आपली बिले गिऱ्हाइकाच्या इनबॉक्समध्ये पोचतात. एवढ्यासाठीही हा खटाटोप वसूल आहे. पण यातला अर्धा लाभ दुसऱ्यांच्या नोंदींवर अवलंबून आहे, जसा त्यांचा तुमच्या नोंदींवर. तेव्हा आजच आपल्या डोमेनची डीमार्क नोंद उघडून पाहा. तिथे अजून ‘नन’ असेल तर साठलेले अहवाल वाचायला घ्या, आणि ‘रिजेक्ट’ कधी लावणार याची तारीख ठरवून साहेबांना मेल करा. पोचली का, तेही विचारा.